बिडवई सर आणि झाकलेले तीळ

"पुरुषांना तपासशील?" हा बिडवई सरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न.

मी जबलपूरला येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. नवरा फौजेत, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी नवं गाव, नवं घर आणि माझ्यासाठी नव्याने कामाचा शोध. नाशिकला मी एका मोठ्या रुग्णालयात कातडीच्या रोगांची डॉक्टर होते. इथे मला कुणी ओळखत नव्हतं. कॅन्टोन्मेंटमधल्या एका मराठी शेजारणीने सांगितलं की दीक्षितपुऱ्यात एक बिडवई डॉक्टर आहेत, वय झालंय, मदतीला कुणीतरी शोधतायत. मी पदव्यांच्या प्रतींची फाइल घेऊन गेले. सरांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"म्हणजे काय, सर? तपासेन की."

"पूर्ण म्हणतो मी. डोक्यापासून तळव्यापर्यंत. मध्ये काही सोडून नाही द्यायचं."

"हो."

"लाजशील?"

"मी नाही लाजणार," मी म्हणाले, "पण ते लाजतील."

यावर ते मोठ्याने हसले. साठी ओलांडलेला, बुटका, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा घातलेला माणूस; हसताना खांदे हलायचे. "अच्छा, मग उद्यापासून ये. त्यांची लाज आपण बघून घेऊ."

बिडवई घराणं भोसल्यांच्या चाकरीत नागपूरकडून इकडे आलं आणि इथलंच झालं. त्याला किती पिढ्या झाल्या हे सरांनाही नीट सांगता येत नसे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. त्यांची मराठी नागपुरी वळणाची, आणि मध्येच वाक्य हिंदीत शिरलं की परत यायची घाई नसायची. मला ते "बेटा" म्हणत, रोग्यांसमोर मात्र "डॉक्टर साहब". बाई डॉक्टर आहे म्हणून "मॅडम" म्हणायचं नाही, अशी दुबेजींनाही ताकीद होती.

दुबेजी म्हणजे आमचे कंपाउंडर. बाहेरच्या खोलीत टेबल टाकून बसायचे, कार्ड लिहायचे, नंबर द्यायचे. कार्डावर नाव, वय आणि गाव, एवढंच. काय होतंय हे बाहेर विचारायचं नाही. नाशिकला आमच्या नोंदणीच्या खिडकीवर "काय तक्रार आहे?" असं मोठ्याने विचारलं जायचं आणि मागच्या वीस माणसांना ते ऐकू जायचं. त्यात काही वावगं आहे हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तपासणीच्या खोलीला सरांनी पडदा लावला नव्हता. दार होतं, आणि दाराला आतून कडी. ती कडी सर स्वतः लावत नसत. रोग्याला सांगत, "कुंडी आप लगाइए." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "ये भी डॉक्टर हैं. आप कहें तो देखेंगी, आप कहें तो बाहर बैठेंगी." पहिल्या महिन्यात जवळजवळ सगळ्यांनीच मला बाहेर बसवलं. मी दुबेजींच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि मनातून चिडायचे.

"सर, तुम्ही विचारताच कशाला? विचारलं की ते नाहीच म्हणणार."

"नाही म्हणू दे ना. ज्याला नाही म्हणता येतं तोच उद्या हो म्हणतो. काहून घाई करून राहिली?"

आणि खरंच, हळूहळू काही जण हो म्हणायला लागले. पहिला हो म्हणणारा शहपुऱ्याकडचा एक वाटाणा पिकवणारा शेतकरी, शिवनारायण. पन्नाशीचा, उंच, मिशा पांढऱ्या. हाताला खाज येते म्हणून आला होता. हातावर थोडं कोरडेपण होतं, बाकी काही नाही. सरांनी मलम लिहून दिलं आणि उठून कोपऱ्यातल्या बेसिनकडे हात धुवायला गेले. पाठ आमच्याकडे, नळ सुरू. तसेच धुता धुता म्हणाले, "और कुछ, भैया?"

 नळ चालूच होता. सर साबण पुन्हा लावत होते. मी त्यांचे हात किती वेळ धुतले जातात ते बघत बसले.

"एक तिल है, साब," शेवटी तो म्हणाला. "नीचे."

"कब से?"

"तीन साल. घर में भी नहीं बताया."

"अच्छा. देख लेते हैं," सर म्हणाले. मग नळ बंद केला, हात पुसले आणि वळले. नंतर मला म्हणाले, माणूस डॉक्टरच्या तोंडाकडे बघून जे सांगू शकत नाही ते त्याच्या पाठीला सांगतो. साठ लाख रुपयांचं यंत्र आणलं तरी हे काम नाही होत.

शिवनारायणचा तीळ लिंगाच्या पुढच्या कातडीवर होता. मसुराच्या दाण्याएवढा, सपाट, एकसारखा तपकिरी. सरांनी आधी नुसत्या डोळ्यांनी पाहिला, मग पट्टीने मोजला, मग हातातल्या भिंगाचा दिवा लावून बराच वेळ पाहिला. मग भिंग माझ्या हातात दिलं. शेवटी जांघेतल्या गाठी चाचपल्या. हे सगळं करताना ते त्याच्याशी वाटाण्याबद्दल बोलत होते. यंदा फुलं कशी आली, पाणी किती वेळा दिलं. पण हात कुठे आहे, पुढे काय करणार, हे दर वेळी आधी सांगायचे. "अब चमड़ी पीछे करूँगा. अब जाँघ के पास दबाऊँगा." न सांगता त्यांचा हात कधी पुढे गेला नाही.

त्या जागेचे फोटो मात्र ते काढत नसत. मोबाइल बाहेर काढला की माणूस आक्रसतो, म्हणायचे. त्याऐवजी पेन्सिलने चित्र काढायचे. हात चांगला होता त्यांचा. तीळ केवढा, कडा कशी, रंग कुठे गडद, सगळं त्या छोट्या कार्डावर यायचं. एक कार्ड स्वतःकडे, एक रोग्याला. त्यावर नाव नाही, फक्त नंबर. "तीन महीने बाद ये लेकर आना. मिलाके देखेंगे. बीच में बढ़े, रंग बदले, खून आए, तो उसी दिन आना."

"कैंसर तो नहीं है न, साब?"

"आज तो मुझे नहीं लगता. पर मैं एक दिन देखके कसम नहीं खाता. इसलिए तीन महीने."

शिवनारायण तीन महिन्यांनी आला, मग सहा महिन्यांनी. तीळ जसाच्या तसा. थंडीत मात्र वाटाण्याचं एक पोतं दवाखान्याच्या ओट्यावर यायला लागलं आणि दुबेजी ते निम्म्या दीक्षितपुऱ्यात वाटायचे.

सरांनी मला शिकवलेली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे शब्द. मी "ती जागा" म्हणायचे, "प्रायव्हेट पार्ट" म्हणायचे. एकदा रोगी गेल्यावर त्यांनी मला समोर बसवलं.

"नाकाला काय म्हणतेस?"

"नाक."

"मग लिंगाला लिंग म्हण, अंडकोषाला अंडकोष. तू इकडून तिकडून बोलून राहिली ना, तर त्याला वाटतं, डॉक्टर पण घाबरली, म्हणजे नक्की काहीतरी भयंकर आहे. अंगावर कुठेही तीळ येतो. कातडीला काय माहीत आपण पायजम्याखाली आहोत म्हणून?"

मी घरी जाऊन आरशासमोर ते शब्द मोठ्याने म्हणून पाहिले. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. मग तो चहा टाकायला निघून गेला.

एक निवृत्त हेडमास्तर यायचे, विधुर, अकरा वर्षं एकटे राहणारे. त्यांच्या अंडकोषावर लालसर-निळे बारीक ठिपके उठले होते. त्यांनी मोबाइलवर काय काय वाचलं होतं देव जाणे. आले ते मृत्युपत्र करूनच. सरांनी पाहिलं, भिंग लावलं आणि म्हणाले, "मास्टरजी, ये तिल भी नहीं हैं. खून की बारीक नलियाँ हैं, उमर से फूल जाती हैं. आपके बाल सफेद हुए, उस पर तो आपने वसीयत नहीं बनाई?" मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते बराच वेळ रडले. सरांनी घाई केली नाही. शेवटी मास्तरांनी विचारलं, "इलाज?" "खून आए तो जला देंगे. नहीं तो कुछ नहीं. घर जाइए, पेट भर खाना खाइए." पाच मिनिटांचं काम होतं, त्यासाठी तो माणूस चार महिने झोपला नव्हता.

मी सरांना चिडलेलं एकदाच पाहिलं. महाराजपूरचा एक पंचविशीचा मुलगा, लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. बायको काय म्हणेल या भीतीने तो तीळ काढून घ्यायला एका जडीबुटीवाल्याकडे गेला होता. त्या माणसाने चुना आणि सोडा कालवून लावला. कातडी जळली, आतपर्यंत जखम झाली. मुलगा पाय फाकवून चालत आला तेव्हा त्याला उभंही राहवत नव्हतं.

सरांनी जखम धुतली, मलमपट्टी केली, काही ओरडले नाहीत. मुलगा गेल्यावर मात्र टेबलावर हात आपटला. "आता मी काय बघू? तीळ कसा होता, कडा कशी होती, कोण सांगणार? जाळून टाकला. कापला असता तर तुकडा तपासायला तरी पाठवता आला असता. आता त्याच्या आत काय होतं ते कोणालाच नाही कळणार."

"तक्रार करू या, सर," मी म्हणाले. "त्या माणसाचं दुकान बंद व्हायला हवं."

"ती करू. पण उद्या सकाळी तिथे चौघं जाणार आहेत, त्यांचं काय?"

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी ते मला घेऊन त्या दुकानात गेले. मला वाटलं, आता खडाजंगी होणार. दुकान म्हणजे एक टपरीच होती, काचेच्या बरण्या, मुळ्या, एक जुनं कॅलेंडर. तो माणूस सरांना बघून उभा राहिला. त्याला सगळं कळलं असावं. सर स्टुलावर बसले आणि आपल्या भिंगातून त्याच्याच हातावरचा एक तीळ त्याला दाखवला. मग कागदावर दोन चित्रं काढली.

"ये देखो. ये गोल है, एक रंग का है. और ये टेढ़ा है, इसमें काला, भूरा, दो-तीन रंग मिले हैं. ये दूसरावाला आदमी को मार सकता है. तुम चूना लगाओगे तो ऊपर से मिट जाएगा, नीचे बढ़ता रहेगा. कोई भी तिल लेके आए, चूना नहीं. मेरे पास भेजो."

"आप पुलिस में नहीं देंगे?"

"वो लड़का देगा तो देगा, मैं उसको रोकूँगा नहीं. मैं तो यही कहने आया हूँ कि भेजो."

मला ते पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही. त्या मुलाचं लग्न पुढे ढकलावं लागणार होतं, आणि आम्ही त्याला जाळणाऱ्याच्या स्टुलावर बसून चित्रं काढत होतो. मुलाने तक्रार केली नाही. जखम भरल्यावर सरांनी तिच्या कडेचा तुकडा तपासायला पाठवला, त्यात वाईट काही निघालं नाही, पण पुढची दोन वर्षं येत राहा म्हणून त्याला सांगितलं. तो येत राहिला. लग्नही झालं. आणि त्या दुकानातून खरोखरच माणसं यायला लागली, हातात चिठ्ठी घेऊन. वर्षभरात सात-आठ. त्यातल्या एकाचा तीळ वाकडातिकडा, तीन रंगांचा होता. तो आम्ही काढला, तपासणीत कॅन्सर निघाला, वेळेत निघाला. त्या माणसाला त्याच्या मुलीसोबत नागपूरला पुढच्या शस्त्रक्रियेला पाठवलं. 

एवढं सगळं ते का करतात, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एकदा दवाखान्यात खूप गर्दी होती. एक माणूस चेहऱ्यावरच्या वांगासाठी आला होता. जाता जाता म्हणाला, जांघेतही एक काळा डाग आहे. मी म्हणाले, "पुढच्या वेळी बघू." सरांनी ते ऐकलं. त्यांनी त्याला परत बोलावलं, स्वतः कडी लावायला सांगितली, पाहिलं. साधा डाग होता. दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांनी दुबेजींना जेवायला पाठवलं आणि माझ्यासमोर बसले.

"आमच्या गल्लीत टपाल टाकणारा एक माणूस होता. तेव्हा मी नवीन होतो, तुझ्यापेक्षा लहान. तो आला नायट्यासाठी. मी औषध दिलं. तो दारात थांबला, म्हणाला, डॉक्टर साहब, नीचे भी एक तिल है. बाहेर लाइन लागून राहिली होती. मी म्हणालो, सबको होता है. तो गेला. दीड वर्षाने आला तेव्हा जांघेत गाठ होती, लिंबाएवढी."

त्यांनी टेबलावरचं भिंग उचललं आणि परत खाली ठेवलं.

"मी बघितलं नाही, बेटा. इतकंच. बघायला दोन मिनिटं लागली असती. तो मला कधी काही बोलला नाही. शेवटपर्यंत नमस्ते करत राहिला. मी रोज त्याच्या घरी जायचो, आणि तो रोज उठून बसायचा, डॉक्टर साहब आले म्हणून."

त्यानंतर मी "पुढच्या वेळी" हे शब्द कुणालाही म्हटलेले नाहीत.

माझं तिथलं तिसरं वर्ष. एप्रिलचे दिवस, कूलर नुकतेच बाहेर निघाले होते. सर त्या दिवशी येणार नव्हते, काही काम आहे म्हणून सांगितलं होतं. मी एकटीच बघत होते. दुबेजींनी आवाज दिला, "अठारह नंबर," आणि आत आले ते बिडवई सर.

त्यांच्या हातात कार्ड होतं. दुबेजींच्या अक्षरात नाव, वय, गाव. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाकावर माणसं बसली होती, त्यांच्या मध्ये सर तासभर नंबरची वाट बघत बसले असणार.

"सर, हे काय?"

"दाखवायचं आहे," ते म्हणाले. आणि वळून त्यांनी कडी लावली. कडी दोनदा निसटली.

 मग मी नेहमीचंच विचारलं. कधीपासून आहे?

"दिवाळीपासून."

मी मनात मोजलं. सहा महिने. ज्या माणसाने दोन-अडीच वर्षं मला सांगितलं होतं की बदल दिसला की त्याच दिवशी या, तो सहा महिने गप्प होता.

"काहून असं बघून राहिली? मला माहीत आहे सगळं. मी रोज बघत होतो. रोज म्हणायचो, उद्या सांगतो. कोणाला सांगू पण? तू तर मुलीसारखी. बाकीचे डॉक्टर माझे शिष्य, नाहीतर मित्र. शेवटी वाटलं, तूच बरी. तू शब्द नीट बोलतेस."

मी आधी सांगून मग तपासलं. लिंगाच्या मुळाशी, बोटाच्या नखाएवढा डाग. एका बाजूने गडद काळा, दुसरीकडे फिकट तपकिरी. कडा समुद्रकिनाऱ्यासारखी वाकडी. भिंगाखाली तो मला अजिबात आवडला नाही. जांघेत गाठी नव्हत्या. सर छताकडे बघत होते. चित्र काढायला मी पेन्सिल घेतली, पण मला त्यांच्यासारखं नीट जमत नव्हतं. त्यांनी मान उचलून कार्डाकडे पाहिलं. "कडा डाव्या बाजूला अजून आत आहे," ते म्हणाले, आणि मग हसले, आणि मग हसता हसता त्यांचा चेहरा विस्कटला.

"नुसता डाग असेल ना, बेटा? म्हाताऱ्या माणसांना येतो तसला?"

"असेलही," मी म्हणाले. "पण मी एक दिवस बघून शपथ नाही घेणार. हा काढायचा. पूर्ण काढून तपासायला पाठवायचा. उद्या."

"उद्या?"

"उद्या सकाळी. आणि काकूंना सांगायचं."

"ती घाबरेल."

"सर."

"बरं, बरं. तू पण चल मग."

घरी कुसुमकाकू, सरांच्या पत्नी, स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. सरांनी तीन वेळा सुरुवात केली आणि तीन वेळा पाण्याचा ग्लास उचलला. शेवटी काकूच म्हणाल्या, "माझा हातआरसा दिवाळीपासून न्हाणीघरात आहे. तुम्ही आंघोळीला गेले की अर्धा तास निघत नव्हते. मी काय आंधळी आहे?"

"मग विचारलं काहून नाही?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघून राहिले होते. तुम्ही जगाला सांगायला लावता. म्हटलं, मलाही सांगतील." त्यांनी निवडलेली भाजी बाजूला सारली. "किती वाईट आहे, ते डॉक्टरीणबाईनेच सांगावं. यांना काही विचारायचं नाही आता."

मी त्यांना सगळं सांगितलं. तीळ साधा असू शकतो, नसूही शकतो. काढल्याशिवाय कळणार नाही. वेळेत असेल तर पूर्ण बरं होतं. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा हात सरांच्या मनगटावर होता, ताप बघावा तसा.

दुसऱ्या दिवशी जागा बधिर करून मी तो डाग काढला. अवघं वीस मिनिटांचं काम, पण माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात जपून घातलेले टाके असतील. सर टेबलावर पडून मला सूचना देत होते. काकूंनी दारातून सांगितलं, "तुम्ही गप्प बसा, तिचं काम तिला करू द्या." तेव्हा ते गप्प बसले.

अहवाल यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस सर रोज दवाखान्यात येऊन बसायचे, रोगी बघायचे नाहीत, नुसते बाहेर दुबेजींच्या शेजारी बसायचे. पाकीट आलं ते दुपारी. मी ते त्यांच्या हातात दिलं नाही, स्वतः उघडलं, वाचलं आणि त्यांच्यासमोर बसून सांगितलं. कॅन्सर होता. पण वरच्या थरातच, खाली उतरलेला नव्हता. भोवतालची थोडी कातडी अजून काढावी लागेल, मग दर तीन महिन्यांनी तपासणी. बाकी काही नाही.

सरांनी अहवाल घेतला, दोनदा वाचला. मग विचारलं, "सहा महिने आधी आलो असतो तर हेच निघालं असतं. अजून सहा महिन्यांनी आलो असतो तर?"

"आलात ना, सर," मी म्हणाले.

नागपूरला ती पुढची शस्त्रक्रिया झाली. पंधरा-वीस दिवसांत ते परत आले, थोडे बारीक झालेले, सावकाश चालणारे. महिनाभराने रोगी बघायला लागले. आणि मग एक दिवस खोलीत एक तरुण वकील होता. एवढा शिकलेला, पण पट्ट्याला हात लावायला तयार नव्हता. घामाघूम झाला होता. "आप नहीं समझेंगे, डॉक्टर साहब," तो म्हणाला. मी कोपऱ्यात उभी होते.

सर त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. "मेरा भी निकला था, बेटा," ते म्हणाले. "लिंग पर. कैंसर था. इन्हीं डॉक्टर साहब ने निकाला. कितने ही दिन मैं बैठके पेशाब करता था, जैसे घर की औरतें. और उससे पहले छह महीने मैंने किसी को बताया नहीं, तेरे जैसा. इतना पढ़ा-लिखा गधा मैं भी था."

वकील त्यांच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मग त्याला हसू फुटलं, खुदकन, लहान मुलासारखं. सरांचे खांदे हलायला लागले. मी तोंड फिरवलं. वकिलाने उठून पट्टा सोडला.

पुढच्या वर्षी नवऱ्याची बदली झाली. सरांच्या तीन-तीन महिन्यांच्या तपासण्या मी सगळ्या केल्या होत्या, सगळ्या स्वच्छ. पुढच्या कुणी करायच्या हे ठरवून, नव्या डॉक्टरची आणि त्यांची गाठ घालून मी निघाले. निघायच्या दिवशी सकाळी काकूंना भेटले, मग दवाखान्यात गेले. सर नव्हते, दुबेजी म्हणाले, आत्ता इथेच होते. सामान स्टेशनवर पोचलं होतं, मला थांबता येत नव्हतं. मी ई-रिक्षात बसले.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी जरा अडकली, तेव्हा ते दिसले. समोरच्या मिठाईच्या दुकानापाशी एक माणूस उभा होता, पिशवी छातीशी धरून. दवाखान्याच्या पाटीकडे बघायचा, दोन पावलं टाकायचा आणि परत दुकानाकडे वळायचा. सर रस्ता ओलांडून त्याच्याजवळ गेले होते. त्याला काही विचारत नव्हते, त्याच्या शेजारी उभे राहून कढईकडे बघत होते. हलवायाने खव्याच्या जिलेबीचे दोन द्रोण पुढे केले. सरांनी एक स्वतः घेतला, एक त्या माणसाला दिला. दोघं रस्त्याच्या कडेला उभं राहून खायला लागले. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला आणि आम्ही वळलो.